यंदाचा चावीचा दिवस

"यंदा चावी तू हातात घेऊ नकोस," सुमनआत्या फोनवर म्हणाल्या होत्या. "काहीतरी कारण सांग. अंगात कणकण आहे म्हण, पोरगी रडतेय म्हण. पण घेऊ नकोस."

मी "हो हो" म्हटलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात निहारिकेचा पाय. ती पलंगावरून खाली उतरायला शिकत होती, आणि कुठला पाय आधी टाकायचा हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. आत्या माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या बहीण. राहतात इंदूरला, पण उज्जैनच्या घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना आमच्या आधी कळलेली असते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गीझरबद्दलही असंच बजावलं होतं. गीझरला काही झालं नाही. म्हणून चावीचंही मी गीझरच्या खात्यात टाकलं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी उषामावशी वरच्या मजल्याची चावी खाली आणून देतात. मावशी म्हणजे आमच्या किरायेदार. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. माझा नवरा अभिजीत जन्मला तेव्हा त्या वर राहत होत्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हाही. चावी एका वाटीत तांदळावर ठेवलेली असते. घरातली सगळ्यात धाकटी सून ती पदरात घेते. मग मावशी आमच्याबरोबर जेवतात, पिशवी घेऊन देवासला भाचीकडे जातात आणि एक रात्र तिकडे राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासूबाई त्यांना फोन करतात, त्या येतात, आणि यजमान नसले तरी त्यांची ओटी भरून चावी परत दिली जाते.

कशासाठी, ते मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, त्यांच्या वडिलांनी, प्रभाकरआजोबांनी, कायद्याच्या भीतीने सुरू केलं. एक रात्र मकान रिकामं राहिलं की किरायेदाराचा हक्क नव्याने मोजला जातो म्हणे. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, छे, उषाताईंना माहेर नव्हतं म्हणून त्यांच्या सासूबाईंनी पाठवणी सुरू केली. खुद्द मावशी म्हणाल्या, "अगं, वर्षातून एकदा चुना मारायचा असायचा ना! सामान हलवायला एक दिवस लागायचा." मग वर डिस्टेंपर आला, चुना गेला, आणि ही रीत तशीच राहिली.

तर यंदाही मावशी आल्या.

"पदर कुठाय तुझा?" त्या म्हणाल्या.

"ओढणी आहे, मावशी."

"चालेल. आजकाल सगळं चालतं."

मी ओढणी पुढे केली. चावी तांदळासकट पडली, थोडे तांदूळ निहारिकेने उचलून तोंडात घातले, मी ते बोटाने काढत बसले, आणि आत्यांचं बोलणं तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही. आंब्याची डाळ, पोळी, पन्हं असं जेवण झालं. मावशींनी निहारिकेची पापी घेतली. "उद्या येते हं, निहू. तोवर जिन्याची राखण कर."

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत भरली. माझे मोठे दीर अपूर्वदादा दुपारच्या उन्हात शहराच्या दुसऱ्या टोकाहून, नानाखेड्याहून आले होते, आणि मावशींची पिशवी त्यांनी स्वतः उचलून ई-रिक्शात ठेवली. ते बिल्डर आहेत, स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याकडे देतात.

"देवासगेटच्या बसस्टँडला सोडायचं यांना. आरामात न्या, भिया," ते रिक्शावाल्याला म्हणाले. रिक्शा टॉवरच्या दिशेने वळेपर्यंत ते फाटकात उभे राहिले. मग आत येऊन कूलरसमोर बसले आणि म्हणाले, "बाबा, सीधी बात सांगतो. चावी यंदा परत नाही द्यायची."

*

बाबा विजेच्या बोर्डातून रिटायर झालेत. त्यांना कुठलीही गोष्ट आधी 'चालू आहे की बंद' एवढीच समजून घ्यायची असते.

"कायदा आलाय का?" त्यांनी विचारलं.

"आला समजा."

"समजा म्हणजे? आलाय की नाही?"

"येतोय. वकील म्हणाला, नवा किरायेदारी कायदा म्हणजे सगळं लेखी. करारनामा करून अधिकाऱ्याकडे द्यायचा. मुदत संपली आणि किरायेदार उठला नाही तर दुप्पट किराया, मग चौपट. मकानमालिकाचं राज्य!"

"आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये तर उलटं सांगत होते," बाबा म्हणाले. "ज्याच्याकडे कागद नाही तो जिथे आहे तिथे पक्का."

"अहो, भिशीत कुळकर्णीबाई म्हणाल्या," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "की सरकार रिकाम्या खोल्या मोजायला येणार आहे. रिकामी ठेवली तर टॅक्स."

"तो पाण्याचा सर्वे होता, आई," अभिजीत म्हणाला. तो बँकेत आहे. मोबाईलवर काहीतरी वाचत होता आणि त्याच्या कपाळावर ती आठी होती, जी निहारिकेच्या औषधाचा कागद वाचताना पडते. "इथे लिहिलंय हा नुसता मसुदा आहे. आणि दुसरीकडे लिहिलंय जुन्या किरायेदारांना लागूच नाही, त्यांना एकसष्ट सालचा कायदा. आणि तिसरीकडे…"

"तेच तर!" अपूर्वदादांनी मांडीवर थाप मारली. "जुन्या किरायेदाराला जुना कायदा. म्हणजे उषामावशी एकदा परत वर राहायला गेल्या की झालं, आपण काही करू शकत नाही. पण आज त्या जुन्या नाहीत. आज त्या कोणीच नाहीत. स्वतःच्या हाताने चावी दिली, सामान घेऊन गेल्या."

"सामान म्हणजे एक पिशवी रे," मी म्हटलं.

माझं बोलणं कोणाला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. निहारिका माझ्या मांडीवर चावीशी खेळत होती. मी ती तिच्या तोंडातून काढून ओढणीच्या टोकाला बांधली.

अपूर्वदादांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला ते उगीच दुष्ट वाटतील. नानाखेड्याच्या पुढे त्यांनी चार मजली बिल्डिंग काढली होती. ओळखीपाळखीच्या लोकांनी, आमच्याच मराठी समाजातल्या, मास्तरांनी, रेल्वेवाल्यांनी, शब्दावर फ्लॅट बुक केले. पूर्वी असंच व्हायचं. आता रेराचं रजिस्ट्रेशन नसेल तर बुकिंग घ्यायचं नाही, जाहिरात लावायची नाही. नोटीस आली, काम थांबलं. दादा मला नंतर म्हणाले की सकाळी साइटवर जाऊन ते नुसते उभे राहायचे. एक कुत्री तिसऱ्या मजल्यावर व्यायली होती, तेवढाच त्या बिल्डिंगमध्ये गृहप्रवेश. बुकिंगवाल्या मास्तरांनी लग्नात त्यांना पाहून दुसऱ्या पंगतीत पान घेतलं, हे त्यांना नोटिशीपेक्षा जास्त लागलं होतं.

"आठच फ्लॅट काढायचे इथे," ते आता बाबांना हातवारे करून सांगत होते. "आठपर्यंत रजिस्ट्रेशनची झंझट नाही. सिंहस्थ येतोय, फ्रीगंजमध्ये अशी जागा कुठे आहे? दोन तुम्हाला, एक अभिला, एक आत्याला. केतकी, तुला आवडेल ना? ग्रिलवाली गॅलरी. निहूला स्वतःची खोली."

मला आवडेल. हे खरं आहे, आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ती गॅलरी आलीसुद्धा. आमचा जिना कठड्याविना आहे. निहारिका चालायला लागल्यापासून मी त्या जिन्याखाली गाद्या टाकून ठेवते. रात्री उठून पाहते की जिन्याकडचं मधलं दार लावलंय का. ग्रिल आली असती तर मी झोपले असते.

"आणि उषाताई?" आईंनी विचारलं.

"त्यांना मी नानाखेड्याला खोली बघून देईन. चांगली. खालच्या मजल्यावर. गुडघे दुखतात ना त्यांचे?"

"त्यांनी तुला पाढे शिकवले रे, अपूर्व. तुला एकोणिसाचा येत नव्हता."

"अजून नाही येत, आई. म्हणून तर बिल्डर झालो."

आई हसल्या नाहीत. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि बाबांच्या शेजारी बसल्या, म्हणजे मनाने त्या मावशींच्या बाजूच्या होत्या आणि बसायला दादांच्या समोर होत्या. "मला काही कळत नाही तुमचं कायद्याचं," त्या म्हणाल्या. "पण पाहुणी जेवून गेली आणि मागे दार लावून घेतलं, असं आपल्याकडे कधी झालं नाही."

"पाहुणी नाही, किरायेदार," बाबा म्हणाले. बाबांना मनातून दादांचं पटत होतं. मुलगा सहा महिन्यांत पहिल्यांदा असा उत्साहाने बोलत होता, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं की त्या वेळी त्यांनी मनातल्या मनात फिटिंगसुद्धा करून टाकली होती, कुठे मीटर, कुठे मेन स्विच.

तेवढ्यात सुमनआत्यांचा फोन आला. आईंनी स्पीकर लावला.

"घेतली का तिने चावी?"

आईंनी माझ्या ओढणीच्या गाठीकडे पाहिलं.

"म्हणजे घेतली. केतकी, तुला सांगितलं होतं मी."

"आत्या, तुम्हाला कसं माहीत होतं?" अभिजीतने विचारलं.

"कसं म्हणजे? अपूर्व आला होता ना माझ्याकडे. सही मागायला. घर माझ्याही नावावर आहे. मी म्हटलं, आधी तुझ्या बाबांना, प्रकाशला विचार. तर म्हणाला, बाबांचं मी बघतो."

कूलरचा पंप थांबला होता, नुसती गरम हवा येत होती. बाबांनी हळूच मान वळवून दादांकडे पाहिलं.

"बाबांचं तू बघतोस?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला…"

"माझ्या वडिलांचं घर. त्यात माझं तू बघतोस?"

झालं. बाबा उठून खिडकीशी गेले. "चावी उद्या जाईल. कायदा असो नसो."

खरं तर इथे गोष्ट मिटायला हवी होती. पण आत्यांना राहवलं नाही. "सुनंदा," त्या आईंना म्हणाल्या, "तू तरी लक्ष ठेवायचंस. पोरं घरात काय शिजवतायत याची खबर तुला नाही?"

आईंचा चेहरा मी बघत होते. त्यांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला, "ठेवते हं, सुमनताई, दूध उतू जातंय," म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

"घर सांभाळायचं आम्ही, आणि अक्कल यायची इंदूरहून," त्या म्हणाल्या. मग दादांकडे वळल्या. "तू म्हणतोस ती खोली खालच्या मजल्यावरच आहे ना? नक्की? पाणी येतं का तिथे?"

"आई!" अभिजीत म्हणाला.

"आई काय? उषाताईंचे गुडघे मी बघते रोज. एक पायरी चढून थांबतात. उद्या जिन्यात पडल्या तर तुझ्या आत्या येणार आहेत का इंदूरहून? चुकीचं काय बोलतोय अपूर्व?"

आता आई दादांकडे होत्या आणि बाबा मावशींकडे. अर्ध्या तासापूर्वी नेमकं उलटं होतं. दोघांना वाटत होतं की आपण पहिल्यापासून हेच म्हणतोय.

"केतकी, चावी आण," आई म्हणाल्या.

"आणू नकोस," बाबा म्हणाले.

"तिच्याकडेच राहू द्या," दादा म्हणाले. "फक्त उद्या देऊ नका. पंधरा दिवस. तोवर वकिलाला विचारतो. मग मी स्वतः मावशींशी बोलतो."

"मी बोलतो उषाताईंशी," बाबा म्हणाले. "तू नाही."

मी अभिजीतकडे पाहिलं. तो मोबाईलवर खाली खाली सरकत होता. "यात एक असंही आहे," तो पुटपुटला, "की एका दिवसाने हक्क तुटतच नाही. म्हणजे आजोबांची ही रीत बहुतेक… कशाच्याच उपयोगाची नव्हती."

"मग कशाला केलं इतकी वर्षं?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज असा झाला, जणू कोणीतरी त्यांच्याच वडिलांना खोटं ठरवलं.

"मावशींना उद्या मी चावी देणार आहे," मी म्हटलं. मला मोठ्याने म्हणायचं होतं, पण ते विचारल्यासारखं आलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मांडी हलकी आहे. निहारिका नव्हती. मधलं दार उघडं होतं. ती जिन्याच्या सहाव्या-सातव्या पायरीवर बसून वर बघत होती आणि "मावची" म्हणून हाका मारत होती. आम्ही पाचही जण एकदम धावलो. दादा सगळ्यांत आधी पोचले, त्यांनी तिला उचललं आणि माझ्या हातात दिलं. ती रडली, मी रडले, आई तिची दृष्ट काढायला मीठ-मोहरी आणायला गेल्या. दादा कोणाचा निरोप न घेता गाडी काढून गेले.

चर्चा तिथेच राहिली. काही ठरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी ओटीचं ताट भरून ठेवलं. रागात असल्या तरी त्या ताट विसरत नाहीत. बाबा अंघोळ करून पांढरा सदरा घालून बसले. अभिजीत बँकेत उशिरा जाणार होता. मी ओढणीची गाठ सोडून चावी ताटात ठेवली, आणि आईंनी ती काढली नाही. सगळे फाटकाकडे बघत होते.

आठच्या बसने त्या येतात. आठची बस आली असेल, गेली असेल. नऊ झाले.

"काय म्हणाल्या फोनवर?" आईंनी बाबांना विचारलं.

"कोणत्या फोनवर?"

"तुम्ही बोलतो म्हणालात ना काल. उषाताईंशी."

"ते कायद्याबद्दल. बोलावणं तर तू करतेस."

"तुम्ही 'मी बोलतो' म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहाटेपासून जागी होते, फोन उशाशीच होता. मला वाटलं होतं, घरात अजून ठरलं नाही, मग 'या' म्हणायचा अधिकार माझा आहे का? अभिजीतला वाटलं होतं मी केला.

यंदा कोणीच फोन केला नव्हता. आणि मावशी बोलावल्याशिवाय येणाऱ्यातल्या नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही त्या आपणहून आल्या नव्हत्या, कारण एकदाही आमचा फोन चुकला नव्हता.

मी लावला. बंद. मग त्यांच्या भाचीला, दुर्गाला लावला.

"मावशी? त्या तर निघाल्या ना," दुर्गा म्हणाली. "सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, तुम्हीच लावा. तर म्हणाल्या, अगं, असं नसतं. मग मी न्हाणीघरात गेले, बाहेर आले तर पिशवी घेऊन उभ्या. आला फोन, निघते म्हणाल्या. मीच उज्जैनच्या बसमध्ये बसवून आले."

"फोन वाजलेला ऐकलास तू?"

ती म्हणाली, "का? तुम्ही केला नव्हता?"

बाबा आणि अभिजीत देवासगेटला गेले. अपूर्वदादांना मी कळवलं तेव्हा ते साइटवर होते. तिथूनच निघाले, आणि नानाखेड्याचा स्टँड, तिथली धर्मशाळा, मावशींची जुनी शाळा, सगळं त्यांनी पालथं घातलं. बसवाला म्हणाला, पिशवीवाल्या बाई उतरल्या, देवासगेटलाच उतरल्या. पुढे कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी दादा आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसले. आईंनी पाणी दिलं, त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला. "मी त्यांना घालवा असं नव्हतं म्हटलं," ते म्हणाले. "आई, मी तसं म्हटलं होतं का?" आईंना आठवेना. मलाही नीट आठवेना. तुम्ही वर वाचलंत, तुम्हीच ठरवा.

ठाण्यात बाबा आणि आई दोघं गेले. समोरच्या हवालदाराने विचारलं, "कौन लगती हैं आपकी?"

"किरायेदार," बाबा म्हणाले.

"बहन," त्याच वेळी आई म्हणाल्या.

त्याने पेन खाली ठेवलं. "पहले आपस में तय कर लीजिए." मग थोडा हसून म्हणाला, "किरायेदार हैं तो मकान बदल लिया होगा, अम्मा. आजकल नया कानून आया है ना."

"आया है क्या?" बाबांनी विचारलं. आई सांगत होत्या की त्यांनी हे अगदी खरोखर, माहिती हवी म्हणून विचारलं.

"सुना है," तो म्हणाला.

नोंद त्याने घेतली शेवटी. नातं लिहायची जागा रिकामी सोडली.

आज बाबांनी वकिलाकडे जायला नकार दिला, आत्या इंदूरहून येऊन राहिल्यात आणि आई त्यांच्याशी एका शब्दाने भांडलेल्या नाहीत. मावशींचा फोन अजून लागत नाही. वरच्या खोलीत चार्जर भिंतीला तसाच आहे, तो मी पाहून आले. दुसरा कुठे असेल त्यांच्याकडे, कुणास ठाऊक. त्या चुकल्यात की रागावल्यात, की आम्हाला संकोच नको म्हणून बाजूला झाल्यात, हे आम्हाला कळत नाही. मला वाटतं तिसरं. रात्री वाटतं पहिलं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही उज्जैनचे असाल, किंवा येत-जात असाल, तर देवासगेटच्या आसपास, रामघाटाकडच्या धर्मशाळांत, एखाद्या शाळेच्या फाटकापाशी जरा बघा. उंच, सडपातळ बाई, केस पूर्ण पांढरे, बांधणीची पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चालताना प्रत्येक पायरीला थांबतात. मराठीत बोललात तर त्या तुमचं आडनाव आधी विचारतील. आमचं नाव लगेच घेऊ नका. उन्हात बसल्या असतील तर सावलीत घ्या, पाणी द्या, जेवल्यात का विचारा. आणि मग मला कळवा, त्या कशा आहेत. कुठे आहेत ते सांगू नका म्हणाल्या, तर नका सांगू.